छोट्या कॉलेजचा बेसबॉल संघ आणि त्याला सांभाळणारे तीन-चार जण

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या बेसबॉल जगतात एक बातमी गाजली. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाने टोनी व्हिटेलो यांना आपले व्यवस्थापक, म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक, नेमले. व्हिटेलो व्यावसायिक बेसबॉल कधी खेळले नव्हते आणि कोणत्याही व्यावसायिक संघाचे प्रशिक्षकही नव्हते. टेनेसी विद्यापीठाच्या संघाला २०२४ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे मुख्य प्रशिक्षक ही त्यांची ओळख होती, आणि त्या कामासाठी विद्यापीठ त्यांना वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर देत होते. कॉलेजच्या खेळाचा शिक्षक एवढे काय करतो, असा प्रश्न ही बातमी वाचून पडणे स्वाभाविक आहे.

त्या प्रश्नाचे खरे उत्तर टेनेसीत सापडत नाही. हजार-दीड हजार विद्यार्थ्यांच्या, मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या, सामना दूरचित्रवाणीवर न दिसणाऱ्या शेकडो छोट्या कॉलेजांतही बेसबॉलचे संघ असतात, आणि तेथे मोठ्या विद्यापीठात वीस माणसांत वाटलेले काम तीन-चार जण करतात. म्हणूनच हे काम नेमके कशाचे बनलेले आहे, हे तेथे जास्त स्पष्ट दिसते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलेही शाळेच्या संघांतून बेसबॉल खेळतात, आणि अकरावीच्या सुमारास अशा कॉलेजांच्या प्रशिक्षकांचे ईमेल आले की त्या ईमेलचा अर्थ काय लावायचा, हे पालकांना कळत नाही. या लेखात खेळाच्या नियमांपेक्षा या माणसांच्या कामाकडे अधिक लक्ष दिले आहे.

आधी कॉलेज-खेळांची रचना

अमेरिकेतील बहुतेक कॉलेजांचे खेळ एनसीएए या संघटनेच्या नियमांनुसार चालतात. तिने आपल्या सदस्य संस्थांचे तीन गट केले आहेत आणि त्यांना डिव्हिजन वन, टू आणि थ्री म्हणतात. पहिल्या गटात टेनेसीसारखी मोठी विद्यापीठे आहेत, जरी काही लहान संस्थाही त्यात आहेत. तिसरा गट संस्थांच्या संख्येने सर्वांत मोठा असून त्यात चारशेहून अधिक कॉलेजे आहेत, बहुतांश खासगी आणि लहान. बेसबॉलच्या हंगामात नियमित सामन्यांची कमाल संख्या पहिल्या गटात ५६, दुसऱ्यात ५० आणि तिसऱ्यात ४० आहे.

खरा फरक मात्र पैशाचा आहे. डिव्हिजन थ्रीमधल्या कॉलेजला खेळातल्या कौशल्यासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. गुणांसाठी किंवा घरच्या आर्थिक परिस्थितीनुसार सवलत देता येते, पण ती इतर विद्यार्थ्यांना ज्या निकषांवर मिळते त्याच निकषांवर द्यावी लागते, आणि तसे होते आहे ना हे पाहण्यासाठी एनसीएए कॉलेजांकडून दरवर्षी तपशील मागवते. म्हणजे छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षकाला चांगल्या खेळाडूपुढे पैसे ठेवता येत नाहीत. पुढे जे काही सांगायचे आहे, ते बहुतेक या एका मर्यादेतून निघते.

संघामागे कोण कोण असते?

मुख्य प्रशिक्षक बहुधा पूर्णवेळ पगारी असतो. त्याच्या हाताखाली एक साहाय्यक पूर्णवेळ असला तर संघ सुस्थितीत आहे असे समजावे, कारण अनेक ठिकाणी बाकीचे सगळे साहाय्यक अर्धवेळ असतात आणि त्यांना हंगामाचे काही हजार डॉलर मिळतात. असा साहाय्यक दिवसा विमा कार्यालयात, शाळेत किंवा गोदामात नोकरी करतो आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास सरावाला येतो. याशिवाय ग्रॅज्युएट असिस्टंट नावाचे एक पद असते. पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी संघाला प्रशिक्षण देतो आणि त्याच्या बदल्यात कॉलेज त्याची फी माफ करून थोडे विद्यावेतन देते. खेळाडूंच्या दुखापती पाहणारा अॅथलेटिक ट्रेनर हा आरोग्य क्षेत्रातला प्रशिक्षित माणूस असतो. तो प्रशिक्षकांच्या चमूत मोडत नाही आणि छोट्या कॉलेजात तो एकाच वेळी चार-पाच खेळांचे संघ सांभाळत असतो.

आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकच दोन वर्ग शिकवतात, पोषण आहाराचा हिशेब लिहितात आणि मतदार याद्यांच्या कामालाही जातात. छोट्या कॉलेजच्या मुख्य प्रशिक्षकाचे काम साधारण त्याच प्रकारचे असते. सामन्यांचे वेळापत्रक ठरवणे, बस आणि हॉटेल ठरवणे, अंदाजपत्रक सांभाळणे, माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या मिळवणे, गणवेश धुतले जातील याची व्यवस्था लावणे, पाऊस आला की खेळाडूंबरोबर मैदानावर ताडपत्री ओढणे आणि सामना संपल्यावर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जेथे उभा राहतो त्या उंचवट्याची माती पुन्हा बसवणे, हे सगळे त्याच्याकडे येते. काही कॉलेजांत तोच क्रीडा विभागाचा उपप्रमुख असतो, काही ठिकाणी तो शारीरिक शिक्षणाचा वर्गही घेतो.

सर्वांत नाजूक काम: पिचिंग कोच

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर आणि तो मारणाऱ्याला बॅटर म्हणतात. पिचरच्या पायापासून बॅटरसमोरच्या होम प्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर असते. छोट्या कॉलेजचा चांगला पिचर ताशी १३५ ते १४० किलोमीटर वेगाने चेंडू टाकतो, त्यामुळे तो मारायचा की सोडायचा हे ठरवायला बॅटरला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ मिळतो. सामन्याचा निकाल इतर कशाहीपेक्षा पिचरवर अधिक अवलंबून असतो. चाळीस खेळाडूंच्या संघात निम्म्याच्या आसपास पिचर असतात याचे कारण हेच.

पिचिंग कोचचे पहिले काम म्हणजे पिचरच्या हालचालीतला दोष ओळखून तो सुधारणे. हे कौशल्य शिकवता येते, याचे भारतीय वाचकांना जवळचे उदाहरण रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांचे आहे. २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवडले गेलेले, भालाफेक करणारे हे उत्तर प्रदेशातील दोन तरुण त्याआधी बेसबॉल खेळलेही नव्हते. कॅलिफोर्नियात टॉम हाउस या अनुभवी पिचिंग कोचच्या हाताखाली काही महिने काढल्यावर त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांना करारबद्ध केले. अर्थात तेथे दोन विद्यार्थ्यांमागे तज्ज्ञांचे पथक होते. छोट्या कॉलेजात एक माणूस वीस पिचरांकडे पाहतो, आणि तो माणूसही अर्धवेळ असू शकतो.

दुसरे काम त्याहून गंभीर आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातले सर्वांत महत्त्वाचे आहे. चेंडू जोराने फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर प्रचंड ताण येतो. तो अस्थिबंध फाटला की शस्त्रक्रिया करून शरीरातला दुसरा स्नायूबंध तेथे बसवावा लागतो. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर ती पहिल्यांदा केली, आणि तेव्हापासून ती त्याच खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. त्यानंतर पुन्हा सामन्यात उतरायला साधारण एक ते दीड वर्ष जाते. चार वर्षांच्या कॉलेज-जीवनातून दीड वर्ष गेले तर उरते काय, याचा विचार केला की पिचिंग कोचच्या वहीचे मोल कळते. कोणी कोणत्या दिवशी किती चेंडू टाकले, किती दिवस विश्रांती घेतली, सराव करताना किती टाकले, खांदा दुखतो असे कोण म्हणाले आणि कोणी ते लपवले, हे सगळे तो त्या वहीत टिपतो.

हंगामाची आखणी या हिशेबाला अजिबात सोयीची नसते. उत्तरेकडच्या राज्यांत फेब्रुवारीत मैदानावर बर्फ असतो, त्यामुळे चाळीस सामने साधारण अडीच महिन्यांत बसवावे लागतात. शनिवारी एकाच दिवशी दोन सामने हा प्रघात आहे, मधल्या वारी आणखी एखादा असतो, आणि पावसाने बुडालेला सामना रविवारी ढकलला जातो. शंभरच्या आसपास चेंडू टाकलेल्या पिचरला चार-पाच दिवसांची विश्रांती हवी असते. शनिवारचा दुसरा सामना हातात आहे, स्पर्धेत टिकण्यासाठी तो जिंकणे आवश्यक आहे, चांगला पिचर स्वतः येऊन मी अजून टाकू शकतो म्हणतो आहे, आणि कोचला नाही म्हणायचे आहे. वीस वर्षांच्या मुलाला नाही म्हणणे आणि पराभव पत्करणे यासाठी लागणारी नैतिक ताकद कोणत्याही विजयाच्या आकडेवारीत दिसत नाही, पण मुलाला अशा संघात पाठवणाऱ्या पालकाने सर्वांत आधी तीच शोधली पाहिजे.

सामना सुरू असताना हे लोक काय करतात?

क्रिकेटमध्ये प्रशिक्षक सीमारेषेबाहेर बसतो, तर बेसबॉलमध्ये दोन प्रशिक्षक प्रत्यक्ष मैदानात उभे असतात. फलंदाजी करणाऱ्या संघाचा एक प्रशिक्षक पहिल्या बेसजवळ आणि एक तिसऱ्या बेसजवळ असतो. चार बेसांचा चौकोन धावून पूर्ण केला की एक धाव होते, आणि धावणाऱ्या खेळाडूची पाठ अनेकदा चेंडूकडे असते, म्हणून तिसऱ्या बेसजवळचा प्रशिक्षक त्याच्या वतीने पाहतो आणि हात फिरवून त्याला पुढे पाठवतो किंवा दोन्ही तळवे दाखवून थांबवतो. क्षेत्ररक्षकाच्या हातातली ताकद, धावणाऱ्याचा वेग आणि पुढचा बॅटर कोण आहे, एवढा विचार त्याला क्षणात करावा लागतो. छोट्या कॉलेजात ही जागा बहुधा मुख्य प्रशिक्षकाकडे असते. टोपी, मनगट आणि पट्ट्याला हात लावून बॅटरला गुप्त खुणा करणेही त्याच्याकडेच असते.

डगआउट म्हणजे खेळाडूंच्या बसण्याच्या जागेतून पिचिंग कोच कोणता चेंडू टाकायचा ते सांगतो. व्यावसायिक बेसबॉलमध्ये हा निर्णय बराच काळ पिचर आणि कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू, मिळून घेत आले आहेत, परंतु कॉलेजच्या पातळीवर तो कोचने घेणे सर्रास चालते. कोच तीन आकडे ओरडतो, कॅचर आपल्या मनगटावरच्या तक्त्यात ते आकडे शोधतो आणि त्यापुढे लिहिलेला चेंडू मागतो. अलीकडे काही संघ त्यासाठी एका दिशेने संदेश पाठवणारी इलेक्ट्रॉनिक साधने वापरतात. मला ही पद्धत पूर्णपणे पटत नाही, कारण चार वर्षे दुसऱ्याने सांगितलेले चेंडू मागणारा कॅचर खेळ वाचायला उशिरा शिकतो, पण जिंकण्याचा दबाव असलेल्या कोचला ती सोयीची वाटते हे समजण्यासारखे आहे.

वर्षभर चालणारे काम: खेळाडू मिळवणे

सामने अडीच महिने चालतात, तर नवे खेळाडू शोधण्याचे काम बाराही महिने चालू राहते. अमेरिकेत त्याला रिक्रूटिंग म्हणतात, आणि छोट्या संघात ते बहुधा एखाद्या तरुण साहाय्यकाकडे असते. उन्हाळ्यात हा माणूस शाळकरी खेळाडूंच्या स्पर्धांना गाडी चालवत जातो, कुंपणामागे खुर्ची टाकून वेगमापक यंत्राने चेंडूंचा वेग टिपतो, रात्री हॉटेलात बसून आलेले व्हिडिओ पाहतो आणि शेकडो मुलांना ईमेल लिहितो. मोठ्या विद्यापीठांनी घेतलेले खेळाडू त्याला मिळणार नसतात. त्याला असा मुलगा शोधायचा असतो जो आज थोडा कमी पडतो पण दोन वर्षांत वाढेल, ज्याचे गुण प्रवेशाला पुरेसे आहेत, आणि ज्याच्या घरच्यांना खेळाच्या शिष्यवृत्तीशिवाय फी परवडेल.

प्रवेशाचा अंतिम निर्णय प्रवेश कार्यालय घेते. निवडक कॉलेजांत प्रशिक्षक मुलाचे गुणपत्रक उन्हाळ्यात त्या कार्यालयाकडे आगाऊ पाठवतो, आणि प्रवेशाची शक्यता कितपत आहे ते त्याला कळवले जाते. काही ठिकाणी प्रशिक्षकाच्या शब्दाला वजन असते, काही ठिकाणी जवळजवळ नसते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेक, ही जगातल्या अग्रगण्य विज्ञानसंस्थांपैकी एक आहे. तिचा डिव्हिजन थ्रीतला बेसबॉल संघ सलग २२८ सामने हरला होता, आणि ही मालिका फेब्रुवारी २०१३ मध्ये पॅसिफिका कॉलेजविरुद्धच्या ९-७ अशा विजयाने संपली. ज्या संस्थेत प्रवेश पूर्णपणे अभ्यासावर मिळतो, तेथे प्रशिक्षकाला जे विद्यार्थी येतील त्यांतूनच संघ उभा करावा लागतो. त्या पराभवांच्या काळात तेथे संघाला शिकवणाऱ्यांचे काम निकालांवरून मोजणे अन्यायाचे ठरेल.

खेळाडूंना पैसे देता येत नाहीत, तर कॉलेज संघ ठेवते कशासाठी?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पालकांनी नीट समजून घ्यावे. छोट्या खासगी कॉलेजचे उत्पन्न मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीमधून येते. छापील फी मोठी असली तरी अशी कॉलेजे नव्या विद्यार्थ्यांना सरासरी निम्म्याहून अधिक सवलत देतात, त्यामुळे प्रत्येक येणाऱ्या विद्यार्थ्याचे मोल मोठे असते. बेसबॉलच्या संघात चाळीस-पन्नास मुले असतात. त्यांतली बरीच जण संघ नसता तर त्या कॉलेजचे नावही न ऐकता दुसरीकडे गेली असती. म्हणून अनेक ठिकाणी प्रशासन प्रशिक्षकाला दरवर्षी अमुक इतके नवे खेळाडू आणण्याचे उद्दिष्ट देते, आणि सामने जिंकण्याइतकेच ते उद्दिष्ट त्याच्या नोकरीसाठी महत्त्वाचे ठरते.

याचा परिणाम असा होतो की काही संघांत पन्नास-साठ मुले असतात आणि एका वेळी मैदानात नऊ किंवा दहा खेळतात. प्रशिक्षक खोटे बोलत नसतो. त्याला खरोखर सगळे हवे असतात, फक्त सगळ्यांना खेळायला मिळणार नसते. अमेरिकेत २००७ नंतर जन्मांची संख्या घटत गेली, त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलांची संख्याही आता घटू लागली आहे, आणि हा दबाव पुढील काही वर्षे वाढतच जाईल.

दबाव किती खोल असतो, हे अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजने दाखवले. १८५६ पासून चालत आलेल्या या कॉलेजात अखेरीस सातशेच्या आसपास विद्यार्थी उरले होते. राज्याकडून ३ कोटी डॉलरचे कर्ज मिळवण्याचे प्रयत्न फसल्यावर मार्च २०२४ मध्ये विश्वस्तांनी ३१ मे रोजी कॉलेज बंद करण्याचे ठरवले. त्या वेळी जॅन वाइसबर्ग यांच्या मार्गदर्शनाखालचा बेसबॉल संघ हंगामाच्या मध्यावर होता. मुलांना पुढच्या वर्षासाठी दुसरे कॉलेज शोधायचे होते, प्रशिक्षकांना दुसरी नोकरी शोधायची होती, आणि सराव मात्र रोज घ्यायचा होता. हा संघ जिंकत गेला आणि ओहायोतील ईस्टलेक येथे होणाऱ्या डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेला पात्र ठरला; प्रवासखर्चासाठी समर्थकांनी वर्गणी गोळा केली. ज्या दिवशी कॉलेज अधिकृतपणे बंद झाले त्याच दिवशी त्यांचा पहिला सामना होता, आणि तो ते हरले. दुसऱ्या दिवशी रँडॉल्फ-मेकन कॉलेजला त्यांनी शेवटच्या डावातल्या होम रनने, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर टोलवून, ९-७ असे हरवले, आणि २ जून रोजी विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून १०-११ असे हरून ते स्पर्धेबाहेर पडले. संस्था नाहीशी होत असताना तीसेक तरुणांना एकत्र ठेवणे हे प्रशिक्षणातले किती मोठे काम आहे, ते मला या उदाहरणाइतके स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसलेले नाही.

हे लोक आवडीने करतात, मग पगाराची चर्चा कशाला?

आवड आहे म्हणून श्रमाचे मोल देऊ नये, हा युक्तिवाद शिक्षक, परिचारिका, कलावंत अशा अनेकांनी ऐकला आहे आणि तो येथेही तितकाच चुकीचा आहे. पहिल्या गटातल्या बेसबॉल संघांना २०२३ पर्यंत मुख्य प्रशिक्षक, दोन पगारी साहाय्यक आणि एक स्वयंसेवक प्रशिक्षक अशी मर्यादा होती. हा स्वयंसेवक इतरांइतकेच तास काम करत असे, पण नियमानुसार कॉलेज त्याला पगार देऊ शकत नव्हते, आणि उन्हाळी शिबिरांच्या मिळकतीवर अनेक जण गुजराण करत. १ जुलै २०२३ पासून हे पद रद्द झाले आणि तिसऱ्या साहाय्यकाला पगार देणे शक्य झाले. अशा प्रशिक्षकांनी एनसीएएविरुद्ध न्यायालयात दावाही लावला होता, आणि सुमारे पाच कोटी डॉलर देऊन त्यात तडजोड करण्यात आली.

या बदलाचा लाभ छोट्या कॉलेजांतल्या साहाय्यकांपर्यंत पोचलेला नाही, कारण तेथे अडचण नियमाची नव्हती, पैशाची होती आणि आहे. शिवाय किमान वेतन आणि जादा तासांच्या मोबदल्याच्या अमेरिकी कायद्यातून शिक्षकांना वगळले आहे, आणि ज्या प्रशिक्षकाचे मुख्य काम खेळाडूंना शिकवणे आहे तो या अपवादात शिक्षक धरला जातो. ज्याचे मुख्य काम नवे खेळाडू शोधणे आहे त्याला मात्र तो अपवाद लागू होणे कठीण, असे तेथील कामगार खाते सांगते. वर पाहिल्याप्रमाणे छोट्या संघातला तरुण साहाय्यक वर्षातला किती वेळ शिकवतो आणि किती वेळ खेळाडू शोधत फिरतो, याचा हिशेब कॉलेजांनी प्रामाणिकपणे मांडला पाहिजे.

याच अपुऱ्या पगाराच्या पदांतून पुढची माणसे तयार होतात, हेही खरे आहे. जस्टिन सीगल या मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड कॉलेजात क्रीडा मानसशास्त्रात डॉक्टरेट करत असताना २००० च्या दशकाच्या अखेरीस तेथील पुरुषांच्या बेसबॉल संघाच्या साहाय्यक प्रशिक्षक होत्या, आणि २०१५ मध्ये मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतल्या ओकलंड संघाने त्यांना प्रशिक्षक म्हणून काही काळ बोलावले. मेजर लीगच्या संघाने स्त्रीला असे काम देण्याची ती पहिलीच वेळ होती. ज्यांच्या घरची स्थिती दोन-तीन वर्षे जवळजवळ बिनपगारी काम करू देते तेच या शिडीवर चढू शकतात, आणि बाकीचे कितीही चांगले शिकवणारे असले तरी मध्येच थांबतात. हे नुकसान अखेर खेळाडूंचेच असते.

प्रवासाची जबाबदारी

हा भाग सहसा कोणी विचारात घेत नाही. बर्फामुळे उत्तरेकडचे संघ मार्चच्या सुट्टीत फ्लोरिडासारख्या उबदार राज्यांत जाऊन दहा-बारा सामने खेळतात, आणि खर्च वाचवण्यासाठी रात्रभर बसने प्रवास करतात. २ मार्च २००७ रोजी पहाटे ओहायोतील ब्लफ्टन विद्यापीठाच्या बेसबॉल संघाची बस अशाच प्रवासात अटलांटा येथे उड्डाणपुलावरून खाली कोसळली. बाहेर पडण्याच्या मार्गिकेला चालकाने सरळ जाणारी मार्गिका समजले होते. पाच खेळाडू, चालक आणि त्याची पत्नी असे सात जण मृत्युमुखी पडले, आणि जखमींमध्ये मुख्य प्रशिक्षकही होते. या आणि अशा इतर अपघातांच्या तपासांनंतर २०१३ मध्ये नव्या मोठ्या प्रवासी बसांत आसनपट्टे बसवणे बंधनकारक करणारा नियम अमेरिकेत झाला. ब्लफ्टनचा संघ त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा मैदानात उतरला. छोट्या कॉलेजात बस कोणती, चालक किती तास जागा आहे, निघायचे रात्री की सकाळी, हे ठरवणारा वेगळा अधिकारी नसतो; ते प्रशिक्षकच ठरवतात.

यंत्रे सगळे मोजतात, मग एवढ्या माणसांची गरज काय?

चेंडू किती वेगाने फिरतो आणि कोणत्या दिशेने वळतो हे मोजणारी उपकरणे आता छोट्या कॉलेजांतही आली आहेत. वेक फॉरेस्टसारख्या विद्यापीठात पिचरांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे, तर लहान संघाकडे हातात उचलून नेता येईल असे एखादे यंत्र असते. परंतु यंत्र आकडा देते आणि तो आकडा कोणत्या मुलाला कधी दाखवायचा हे माणसाला ठरवावे लागते. वाईट फॉर्ममध्ये असलेल्या पिचरला रोज आकडे दाखवले तर तो आणखी बिघडतो, असा अनुभव प्रशिक्षक सांगतात. यंत्रांमुळे काम कमीही झालेले नाही, कारण ती माहिती साठवून वाचणारा कोणी तरी लागतो आणि छोट्या संघात ते काम पुन्हा त्याच साहाय्यकाकडे जाते.

पालकांनी यातून काय घ्यावे?

प्रशिक्षकाच्या ईमेलमधून आलेले शिबिराचे सर्वसाधारण निमंत्रण म्हणजे निवड नव्हे. शिबिरांच्या फीमधून साहाय्यकांचे मानधन निघते, त्यामुळे ती निमंत्रणे शेकडो मुलांना जातात. प्रशिक्षकाने मुलाला प्रत्यक्ष खेळताना पाहिले आहे का, फोनवर बोलणे झाले आहे का आणि गुणपत्रक मागितले आहे का, यावरून त्याचा खरा रस कळतो. भेटीला गेल्यावर मुख्य प्रशिक्षकाशी बोलून थांबू नये. पिचिंग कोच पूर्णवेळ आहे का, तो किती वर्षे तेथे आहे, संघात किती मुले आहेत, पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी चौथ्या वर्षापर्यंत किती टिकली, आणि गेल्या दोन हंगामांत किती पिचरांची शस्त्रक्रिया झाली, हे प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. चांगले प्रशिक्षक त्यांची उत्तरे देतात.

हे सगळे बारावीच्या ऑक्टोबरच्या आत व्हायला हवे. अनेक छोटी कॉलेजे, आणि त्यांचे प्रशिक्षकही, मुलाने अर्ली डिसिजन या पद्धतीने अर्ज करावा असे सुचवतात. त्याची पहिली मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते, आणि या पद्धतीत प्रवेश मिळाला की विद्यार्थ्याने तेथेच जाणे अपेक्षित असते. त्यामुळे दुसऱ्या कॉलेजांच्या सवलतींशी तुलना करण्याची संधी राहत नाही. प्रशिक्षकाने तोंडी दिलेली जागा किंवा डिव्हिजन थ्रीमधला समारंभपूर्वक सही केलेला कागद कॉलेजला बांधून ठेवत नाही, पण अर्ली डिसिजनचा करार सही करणाऱ्या कुटुंबाला बांधतो, आणि कितपत सवलत मिळेल याचा अंदाज आर्थिक साहाय्य कार्यालयाकडून लेखी मागण्याचा हक्क सही करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने वापरावा.